बाहेरची कडी

४ मार्च

पुन्हा लिहायला घेतलं. जाहीरनाम्याचं काम सुरू झालं की मी लिहिते, एरवी नाही. बैठकीत कोण काय बोललं ते आठवड्याभरात सगळे विसरतात, किंवा सोयीचं तेवढं लक्षात ठेवतात. धोरण समितीच्या निमंत्रकाने तरी विसरू नये.

आज पहिली बैठक. कार्यालयाच्या वरच्या मजल्यावरची तीच खोली, तेच टेबल, डगमगू नये म्हणून एका पायाखाली मागच्या निवडणुकीच्या पत्रकांची घडी. अध्यक्ष, वकील, मी आणि मतदारांची पाहणी करणारा एक नवा माणूस. त्याच्या प्रत्येक वाक्यात टक्के असतात, म्हणून खालची मंडळी त्याला टक्केसाहेब म्हणायला लागली आहेत. मला माझ्या मागे लाल शाई म्हणतात, तेही ठाऊक आहे. असो.

टक्केसाहेबांनी तक्ते दाखवले. सगळं फिरून एकाच जागी येत होतं: काच कारखान्यातली रात्रपाळी. भट्टी रात्रीही विझत नाही, तिच्यापाशी चार माणसं असतात. पण छाटणी आणि पॅकिंगचे विभाग संध्याकाळी बंद होतात. आमची सत्ता होती तेव्हा आम्हीच तो नियम करून घेतला आणि दर जाहीरनाम्यात "रात्रपाळी बंदी कायम राखू" असं लिहीत आलो. आता कारखाना नव्या मालकांकडे गेला आहे. त्यांना रात्रपाळी हवी. टक्केसाहेब म्हणतात, तरुण मतदारांनाही हवी.

"तुम्ही विचारलंत काय त्यांना?" मी म्हटलं.

"रोजगार वाढावा असं वाटतं का, असं."

"नाही असं कोण म्हणेल? भूक लागते का, असंही विचारायचं होतं."

वकील हसला. अध्यक्ष हसले नाहीत. म्हणाले, "बाई, भूमिका बदलावी लागेल. आणि आपली रीत तुम्हाला माहीत आहे."

माहीत आहे. आमच्या पक्षात ठराव ज्याने मांडला त्यानेच अधिवेशनात उठून मागे घ्यायचा. संस्थापकांनी घालून दिलेली रीत. लेखी कुठे नाही, पण आजवर मोडलेली नाही. आणि बंदीचा ठराव मांडला होता माझ्या मोठ्या भावाने.

"दादांशी तुम्हीच बोला," अध्यक्ष म्हणाले.

"आधी मला पटू दे," मी म्हटलं.

७ मार्च

कारखान्यामागच्या नव्या वसाहतीत गेले. तक्त्यांवर माझा विश्वास नाही, जिन्यांवर आहे. तिसऱ्या मजल्यापर्यंत गुडघे बोलायला लागले, तरी दहा-बारा घरं केली. एका घरात एक मुलगी भर दुपारी झोपेतून उठून दार उघडायला आली. शेजारच्या शहरात पॅकिंगला जाते, तीही रात्रीच. जायला बस, यायला बस.

"मावशी, तुमची बंदी गावात आहे," ती म्हणाली. "रात्र सगळीकडेच आहे. तुमच्या बंदीमुळे मला फक्त बसचा प्रवास मिळाला."

मला उत्तर सुचलं नाही. घरी येऊन सुचेल म्हटलं, तेही नाही. याचा अर्थ मला पटलं आहे.

१० मार्च

दादाकडे गेले. तो भात उतरवत होता. उकळतं पातेलं नुसत्या हातांनी उचलतो, वर "फडकं कुठे शोधत बसू" म्हणतो. आयुष्य भट्टीपाशी गेलं, त्यात उजव्या तळहाताची कातडी तर केव्हाचीच मेलेली.

माझ्या हातातला पुडा बघून म्हणाला, "चिमे, काहीतरी मागायला आली आहेस."

(या वयात मला चिमी म्हणणारं आता एकच माणूस उरलं आहे.)

"कशावरून?"

"बिस्किटं आणलीस. एरवी उपदेश आणतेस."

मी सगळं नीट मांडलं. वसाहत, मुलगी, बस, नवे मालक. त्याने जेवता जेवता ऐकून घेतलं.

"म्हणजे पोरींना काम मिळेल."

"मिळेल."

"आणि तुला पटलंय."

"पटलंय."

"मग मोडा ठराव. मला कशाला उठवता?"

"रीत आहे."

"मग मी मरेपर्यंत थांबा. फार दिवस नाही लागायचे."

"असं बोलू नये, दादा."

"का? मी मरणार नाही?"

मग त्याने ताट सरकवलं आणि विचारलं, "तेव्हा मी उठून काय बोललो होतो, आठवतं तुला?"

आठवतं. कॉलेजातून नुकतीच बाहेर पडले होते. मी त्याला दोन पानी भाषण लिहून दिलं होतं, आकडेवारीसकट. त्यातलं त्याने एक अक्षर वाचलं नाही. उभा राहिला, म्हणाला, "दाराला बाहेरून कडी होती," आणि खाली बसला.

वहिनी रात्रपाळीला पॅकिंगमध्ये होती. बायका मधे मधे हवेला बाहेर जातात म्हणून मुकादम मागच्या दाराला बाहेरून कडी घालायचा. काचेभोवती भरायच्या पेंढ्याने पेट घेतला. दादा भट्टीवरून धावत गेला आणि कडी त्यानेच काढली. तोवर उशीर झाला होता. ती तापलेली कडी त्याच्या तळहातावर अजून आहे. वहिनी रात्रपाळी घ्यायची कारण भत्ता जास्त मिळायचा, आणि माझं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. उगाळत बसण्यासारखंही नाही.

"मी कडीबद्दल बोललो," दादा म्हणाला. "रात्रपाळीचं पक्षाने काढलं."

"कडीची घोषणा होत नाही, दादा. रात्रपाळीची होते."

"हं. तेव्हाही तू हेच म्हणाली होतीस."

खूप वेळ तो दाढेतलं काहीतरी जिभेने काढत बसला. मग म्हणाला, "कडीचं लिहा. काम चालू असताना कुठल्याच दाराला बाहेरून कडी नाही. ते छापलेलं मला दाखवा, मग उठतो. आधी छापील."

मला हे अतिशय वाजवी वाटलं. इतकी वर्षं कुणाला सुचलं कसं नाही?

१५ मार्च

कडीचं वाक्य समितीत ठेवलं. अध्यक्ष ताकास तूर लागू देत नव्हते. मालकांशी बोलावं लागेल म्हणाले. मी विचारलं, दाराची कडी आत असावी की बाहेर, यात मालकांशी बोलण्यासारखं काय आहे? म्हणाले, "बाई, चोऱ्या होतात." आणि अधिवेशनाआधी काही छापणं शक्य नाही, हेही स्पष्ट सांगितलं.

शेवटी वकिलाने तोडगा काढला. म्हणाला, "ताई, वेगळा ठराव केलात तर चर्चा होईल, फाटे फुटतील. त्यापेक्षा दादांच्याच जुन्या ठरावाखाली उपकलम म्हणून घाला. जुन्या ठरावाचं वजन मिळेल त्याला." हा माणूस क्वचितच कामाचं बोलतो, पण हे पटलं. तसाच मसुदा केला. सुटसुटीत झाला आहे.

निघताना अध्यक्ष जिन्यापर्यंत आले. समितीत नवं रक्त आणा असं वरून सारखं सांगतात, म्हणाले. "मी मात्र त्यांना सांगतो, बाईंशिवाय इथलं पान हलत नाही. पण किती दिवस सांगू?" त्यांनी माझी बाजू घेतली, हे बरं वाटलं. दादांकडे जाऊन काही तोडगा निघतो का बघतो, असंही म्हणाले. मी म्हटलं, जरूर जा. मात्र तो कुणाचं ऐकणाऱ्यातला नाही.

१९ मार्च

दादाने होकार दिला.

मी गेले तेव्हा मोरीत दोन कप विसळून पालथे घातलेले होते. कोण आलं होतं विचारलं, तर म्हणाला, "अध्यक्ष. चहा अर्धा टाकून गेला." काय बोलणं झालं ते सांगेना. उलट मलाच विचारायला लागला.

"चिमे, ते समितीचं काम तुला आवडतं ना?"

"आवडायचं काय त्यात? काम आहे."

"नसतं तर काय केलं असतंस?"

मी विचार करून खरं तेच सांगितलं. सकाळी उठून अंघोळ करून, साडी नेसून, कुठेच जायचं नाही, या कल्पनेनेच मला घाम फुटतो. लग्न केलं नाही, पोरंबाळं नाहीत. ती वरची खोली नसती तर मी भिंतींच्या चुका काढत बसले असते.

तो हसला. "भिंती पळून गेल्या असत्या." मग थोड्या वेळाने म्हणाला, "छापील राहू दे. उठेन मी."

मला आश्चर्य वाटलं. कडीचं कलम घातलं आहे, काळजी करू नकोस, म्हटलं.

"राहील ना ते?"

"राहील. वकिलाने तपासलंय."

"वकिलाने," तो म्हणाला, आणि माझ्याकडे जरा वेळ बघत राहिला. मी लहान असताना ताप उतरला का बघायला असा बघायचा.

समाधान वाटतं आहे. छापील कागदापेक्षा माझ्या शब्दावर त्याने भरवसा ठेवला. नीट मुद्देसूद मांडलं की माणूस बदलतो, हे मी आयुष्यभर सांगत आले. दादासारखा दगड बदलला, तर कुणीही बदलेल.

२४ मार्च

मसुदा पूर्ण. चष्म्याचा नंबर वाढला आहे.

दादाने पांढरा शर्ट इस्त्रीला दिला.

२८ मार्च

अधिवेशन. जसं झालं तसं लिहिते.

दादाचं नाव पुकारलं. तो उठला आणि म्हणाला, "मी मांडलेला ठराव मी मागे घेतो." टाळ्या झाल्या. पुढच्या रांगेतली तरुण मंडळी उभी राहून वाजवत होती. ठराव मागे घेणाऱ्याने त्या बैठकीत पुन्हा बोलायचं नसतं. तो बसला.

अध्यक्षांनी पुढचा विषय पुकारला. मी हात वर केला आणि उपकलमाची आठवण करून दिली.

वकील व्यासपीठावरच होता. ध्वनिक्षेपक पुढे ओढून अगदी गोड आवाजात म्हणाला, "ताई, मूळ ठरावच राहिला नाही. खांब काढल्यावर वेल कुठे ठेवायचा? स्वतंत्र ठराव म्हणून कुणी मांडत असेल तर घेऊ की."

मी मांडू शकत नव्हते. मसुदा करणाऱ्याने ठराव मांडायचा नाही, नाहीतर तो आपलंच घोडं दामटेल, असा नियम आहे. तो मीच केलेला.

मी सभागृहाकडे पाहिलं. ज्यांची भाषणं मी वर्षानुवर्षं सुधारून दिली ते सगळे तिथे होते. कुणी पायाने चपला चाचपत होतं, कुणी पाण्याची बाटली उघडत होतं. एकही उठला नाही.

दादा उठला.

"दादा, तुम्हाला आता बोलता येणार नाही," अध्यक्ष म्हणाले. "बसा."

तो काही बोलला नाही. बसलाही नाही. रस्त्यांचा ठराव झाला, शाळांचा झाला, पाण्याचा झाला. तो उभाच. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "अहो आजोबा, दिसत नाहीये." तेव्हा तो भिंतीपाशी सरकला आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिथे उभा राहिला.

मी मसुदा करणारी. कलम कुठे ठेवायचं एवढं एकच काम मला येतं. तेच चुकलं.

२९ मार्च

डोकं दुखतं आहे. दादाला भेटायला गेले नाही.

३० मार्च

अध्यक्षांना जाब विचारला. ते म्हणाले, पुढच्या अधिवेशनात बघू.

"बाई, कडीवर कुणी मत देत नाही."

मी टक्केसाहेबांना विचारलं, कडीबद्दल लोकांचं काय मत आहे?

"ते विचारलं नव्हतं."

"मग टक्के किती?"

"शून्य." मग त्यालाच ओशाळल्यासारखं झालं. "म्हणजे, माहिती नाही."

इतक्या बैठकांतलं पहिलं प्रामाणिक वाक्य.

आज मात्र मला एक उमगलं. बंदी आम्ही घातली तेव्हा ती घोषणेत बसत होती म्हणून, आणि काढली तीही घोषणेत बसत नाही म्हणून. माणूस एका दाराबद्दल बोलून गेला. आम्ही ऐकलं, हळहळलो आणि भलतंच काहीतरी लिहून घेतलं. तेव्हाचं अक्षर माझंच होतं.

२ एप्रिल

राजीनामा दिला.

रात्रभर विचार करून निर्णय घेतला. कुणाशी बोलले नाही, बोलले असते तर कुणीतरी समजूत घातली असती. अध्यक्षांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि भलताच प्रश्न विचारला: "दादांना सांगितलंत?"

"त्याचा काय संबंध?"

"काही नाही," ते म्हणाले आणि वकिलाकडे पाहिलं.  त्याला नजर उचलता येईना. मला वाटलं होतं निदान एकदा थांबा म्हणतील. थांबा म्हणाले नाहीत. माझ्या जागी येणारं नवं रक्त म्हणजे टक्केसाहेब, असं खाली कळलं.

संध्याकाळी दादाकडे गेले. खरं सांगायचं तर थोड्या ताठ मानेनेच गेले. त्याच्यासाठी आपण काहीतरी केलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, असं वाटत होतं. तो जेवत होता. मी उंबऱ्यातूनच सांगितलं, "सोडलं मी. त्यांच्या तोंडावर राजीनामा टाकून आले."

त्याचा घास हातातच राहिला.

"समितीचं सोडलंस?"

"हो. तुला वाऱ्यावर सोडणाऱ्यांच्यात मी कशाला राहू?"

त्याने घास ताटात परत ठेवला. चेहरा असा झाला की मला वाटलं छातीत दुखतंय. पाणी दिलं. त्याने पेला नुसता धरून ठेवला. मग तो हसायला लागला, आवाज न करता, खांदे हलत होते. हसतोय की काय ते मला नीट कळेना.

"काय झालं?"

"काही नाही. बरं केलंस."

"मनापासून म्हणतोस?"

"मनापासून. बस, जेव. उद्यापासून तुला भिंती आहेतच."

खूश होईल वाटलं होतं. म्हातारपणी माणसाचं काही सांगता येत नाही.

१७ एप्रिल

जाहीरनामा छापून आला. पोस्टाने पाठवला, कुणी हाताने आणून दिला नाही. कारखान्याबद्दल एक वाक्य आहे: "उद्योगस्नेही वातावरणात सुरक्षिततेचा योग्य तो विचार करण्यात येईल." माझ्या हाताखाली हे वाक्य जगलं नसतं. योग्य तो म्हणजे कोणता? करण्यात येईल म्हणजे कोण करेल?

साडी नेसून बसले होते. दुपारी बदलली.

६ मे

पक्ष जिंकला. भरघोस.

११ जून

रात्रपाळी सुरू होऊन आठवडा झाला. दिवेलागणीला भोंगा होतो. इतक्या वर्षांनी ऐकला तेव्हा हातातली बशी निसटली. वसाहतीतली ती मुलगी रस्त्यात भेटली, डबा घेऊन पायी कामावर निघाली होती. हसून म्हणाली, "मावशी, बस सुटली." तिच्यासाठी मला बरं वाटलं. तेही इथे लिहायला हवं.

दादा संध्याकाळी घरी सापडत नाही. शेजारीण म्हणाली, भोंगा झाला की स्टूल घेऊन जातात आणि उजाडल्यावर येतात. मी आज सकाळीच शोधायला निघाले. फार शोधावं लागलं नाही.

कारखान्याची मागची भिंत रस्त्याला लागून आहे. तिथे पॅकिंगचं दार आहे. नवं, लोखंडी, हिरव्या रंगाचं. कडी बाहेरून. दादा दाराशेजारी भिंतीला टेकून स्टुलावर बसला होता, मांडीवर मफलर. पहारेकरी चहा पीत उभा होता.

"रोज येतात," तो मला म्हणाला. "मी कडी घातली की हे काढतात. पहिले दोन दिवस भांडलो. आता म्हटलं, जाऊ दे, हे बसलेत तर चोरी तरी कशी होणार?"

"साहेबांना कळलं तर?" मी विचारलं.

"कळेल तेव्हा बघू. ह्यांना उचलायला दोन माणसं लागतील, आणि रात्री मी एकटाच असतो."

मी दादाला बोलले. या वयात हे कशाला, पाठ धरेल, छाती धरेल, एकट्याने किती दिवस पुरा पडणार. तो ऐकत होता. दार आतून ढकललं गेलं आणि मुली बाहेर आल्या, जांभया देत, एकमेकींना टपल्या मारत. दोघीतिघी त्याला "येतो, आजोबा" म्हणाल्या. शेवटची जाईपर्यंत तो बघत राहिला. मग उठायला गेला तर स्टूल कलंडलं. एक पाय आखूड आहे. रात्रभर तसाच डगमगत बसतो की काय कोण जाणे.

मला असल्या गोष्टी बघवत नाहीत. पिशवीत जाहीरनामा होता. का ठेवला होता ठाऊक नाही, लाल शाईने खुणा करायला असेल. चार घड्या केल्या आणि पायाखाली सरकवून बघितला. बरोबर बसला. स्टूल दाबून पाहिलं, हललं नाही.

"संध्याकाळी घेऊन ये हा," मी म्हटलं. "आणि घरात दुसरं स्टूल आहे का?"

त्याने घडी उचलून खिशात ठेवली. 

"आहे," तो म्हणाला. "तिचं."